कोडावर क्रीम आणि लाइट: निदानापासून उपचार थांबवेपर्यंत

कोडाचा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो तेव्हा त्याच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, 'कोणती क्रीम लावू?' डॉक्टर मात्र आधी वेगळंच बघत असतात. डाग शरीरावर कुठे आहे, त्यातले केस काळे आहेत की पांढरे झालेत, आणि डाग अजून वाढतोय का? या तीन गोष्टींवरून उपचार किती लांबेल आणि किती फळेल याचा बराचसा अंदाज येतो. क्रीमचं नाव त्यानंतर.

खाली जे लिहिलंय ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्रीम आणि नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा) लाइट घेणाऱ्यांसाठी आहे. डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण ते आकडे कशावरून ठरतात हे कळलं की मधेच घाबरून किंवा कंटाळून उपचार सोडण्याची वेळ कमी येते.

क्रीम आणि लाइट, दोन्ही कशासाठी?

कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर, म्हणजे मेलॅनोसाइट्सवर, उलटते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्वचेत शिरतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्या खुणेवर आणखी टी-पेशी येतात आणि रंगपेशी मरत जातात. स्टेरॉइड, टॅक्रोलिमस किंवा रुक्सोलिटिनिबची क्रीम हा हल्ला शांत करते. हल्ला थांबला म्हणून गेलेला रंग लगेच परत येतो असं मात्र नाही, कारण डागातल्या रंगपेशी आधीच संपलेल्या असतात. नव्या पेशी आणायच्या कुठून? मुख्यतः केसांच्या मुळातून. तिथे रंगपेशींचा राखीव साठा असतो. लाइट त्या पेशींना जागं करतो, त्या वाढतात आणि केसाच्या नळीतून वर पृष्ठभागावर सरकतात. हल्ला शमवायलाही लाइट थोडी मदत करतो, पण त्याचं खरं काम हे.

म्हणून डागातले केस बघायचे. केस काळे असतील तर साठा शाबूत आहे. केस पांढरे झाले असतील तर तिथे क्रीम आणि लाइट दोन्ही बहुतेक वेळा लंगडे पडतात.

दोन्ही एकत्र वापरून फायदा किती? ब्रिटनमध्ये 'हाय-लाइट' नावाची चाचणी झाली. त्यात ५१७ रुग्ण होते आणि निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी हातात धरून वापरायचं लाइटचं यंत्र आणि मोमेटासोन क्रीम यांची त्यात तुलना होती. नऊ महिन्यांनी 'डाग आता खूपच कमी जाणवतो किंवा जाणवतच नाही' असं सांगणारे नुसत्या क्रीमच्या गटात १७ टक्के, नुसत्या लाइटच्या गटात २२ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत २७ टक्के होते. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, आणि ते सुरुवातीलाच माहीत असलेले बरे. मला मात्र याच चाचणीतली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांनी ठरलेल्या उपचारापैकी ७५ टक्क्यांहून जास्त उपचार खरोखर घेतला, त्यांना यश मिळण्याचं प्रमाण जास्त होतं.

पायरी १: निदान पक्कं करा

प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. शिबं बुरशीमुळे येतात, त्यावर बारीक कोंडा दिसतो. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे चट्टे बहुधा आपोआप जातात. फिकट डागावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी आधी. कोडाचा डाग खडूसारखा शुभ्र असतो, त्यावर कोंडा नसतो आणि स्पर्श नेहमीसारखा कळतो. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पचा जांभळट प्रकाश टाकतात तेव्हा तो निळसर पांढरा चमकतो, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसलेले डागही उघडे पडतात. त्या वेळी फोटो काढून घ्या. पुढे तुलनेला तो उपयोगी पडतो.

याच भेटीत विचारून घ्या की हे कोड शरीराच्या दोन्ही बाजूंना येणारं आहे की एकाच बाजूच्या पट्ट्यात असणारं सेगमेंटल. सेगमेंटल प्रकार लवकर पसरून थांबतो, त्यात केसही लवकर पांढरे होतात आणि त्याला पुढे शस्त्रक्रिया जास्त मानवते.

रोग सध्या चढता आहे का, हेही ओळखता येतं. डागाची कड धूसर असेल, भोवती तांदळाच्या कणीएवढे नवे ठिपके दिसत असतील, किंवा खरचटलेल्या जागी, पट्टा घासतो त्या कमरेवर नवे डाग उठत असतील तर रोग जागा आहे. अशा वेळी काही डॉक्टर ठरावीक काळासाठी पोटात घ्यायचं स्टेरॉइडही जोडतात. तो निर्णय सर्वस्वी त्यांचा, दुसऱ्याची चिठ्ठी बघून स्वतःवर करायचा प्रयोग नव्हे. कोडाबरोबर थायरॉइडचे आजार बरेचदा आढळतात, म्हणून टीएसएचची रक्ततपासणी साधारणपणे सांगितली जाते.

पायरी २: कुठला डाग किती ऐकतो

चेहरा आणि मान सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. त्यानंतर धड, दंड, मांड्या. बोटांची टोकं, तळहात-तळपाय, ओठ आणि हाडावरची ताणलेली कातडी हट्टी असते. तळहातावर आणि ओठावर केसच नाहीत, मग राखीव साठा येणार कुठून? बोटांच्या टोकांवर वर्षभर लाइट घेऊन निराश झालेला रुग्ण आणि त्याच यंत्रासमोर चार महिन्यांत चेहऱ्यावर रंग आलेला रुग्ण, दोघांनी उपचार सारख्याच निष्ठेने घेतलेला असू शकतो.

पायरी ३: सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे सांगाच

चालू असलेली सगळी औषधं सांगा. डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबासाठीच्या थायझाइड गटातल्या गोळ्या अशी काही औषधं त्वचा प्रकाशाला हळवी करतात. ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा एक आजार), आधी झालेला त्वचेचा कर्करोग, उन्हाने पुरळ येण्याची सवय हेही सांगा. गरोदरपणात नॅरोबँड यूव्हीबी घेता येतो, पण क्रीमची निवड बदलू शकते आणि फोलिक अॅसिडकडे लक्ष द्यावं लागतं, म्हणून तेही आधीच.

आणि बावचीचं तेल लावत असाल तर ते लपवू नका. बावचीत सोरालेन असतं. सोरालेन लावून किंवा खाऊन यूव्हीए प्रकाश घेण्याची पुवा पद्धत कोडावर पुष्कळ वर्षं चालली. इजिप्तमध्ये एल मोफ्टी नावाच्या डॉक्टरांनी १९४०च्या दशकात सोरालेनवर काम केलं होतं. म्हणजे बावचीत दम नाही असं नाही. उलट तो बेहिशेबी आहे, हीच अडचण. तेल लावून उन्हात बसल्यावर पाण्याने भरलेले फोड आलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना नवे नाहीत, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी पसरू शकतं. लाइट सुरू करायचा असेल तर बावची बंद.

पायरी ४: क्रीम

स्टेरॉइड क्रीम धडावर आणि हातापायांवर वापरतात. मोमेटासोन सहसा दिवसातून एकदाच. हाय-लाइटमध्ये ती एक आठवडा लावायची आणि एक आठवडा बंद ठेवायची होती. सलग लावत राहिल्याने कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, काखेत आणि जांघेत ताणाच्या रेघा उमटतात. म्हणून सुट्टीचा आठवडा हा उपचाराचाच भाग आहे. 'रंग येतोय तर मधे कशाला थांबू' म्हणून तो गाळू नका.

पापण्या, चेहरा, काखा, जांघा आणि गुप्तांग इथे बहुधा टॅक्रोलिमस मलम देतात. त्यात ०.०३ आणि ०.१ टक्का अशा दोन ताकदी असतात आणि ते दिवसातून दोनदा लावायचं असतं. त्याने कातडी पातळ होत नाही. पहिले काही दिवस मात्र चांगलीच आग होते, आणि बरेच जण नेमकं तेव्हाच ते सोडून देतात. साधारण आठवडाभरात आग ओसरते. त्वचा पूर्ण कोरडी असताना लावलं तर ती कमीही होते. पाकिटातल्या पत्रकावर कर्करोगाचा इशारा छापलेला असतो, तो वाचून धसका घेऊ नका, डॉक्टरांशी बोला. त्वचेवर लावण्याने असा धोका वाढतो, हे सिद्ध झालेलं नाही.

रुक्सोलिटिनिब १.५ टक्का क्रीम नवी आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने तिला जुलै २०२२ मध्ये सेगमेंटल नसलेल्या कोडासाठी, १२ वर्षं आणि त्यापुढच्या वयाला मान्यता दिली. त्वचेला रंग परत आणण्याचं काम करणारी तिथली ही पहिली मान्यताप्राप्त क्रीम. ती दिवसातून दोनदा, शरीराच्या जास्तीत जास्त १० टक्के भागावरच लावायची. अंदाज घेण्यासाठी, बोटांसकट आपला तळहात म्हणजे सुमारे १ टक्का. या क्रीमने लावलेल्या जागी मुरूम येऊ शकतात. चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचं कोड ७५ टक्के किंवा अधिक भरलं, आणि वर्षभर लावणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. सहा महिन्यांत हात टेकणारे काय गमावतात, ते यावरून दिसतं.

प्रमाण सोपं आहे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकाच्या पेरावर एक सरळ रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला तो पुरतो. दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून आणलेली 'सगळ्यावर चालणारी' मिश्र क्रीम, जिच्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात, ती इथे कामाची नाही.

लाइटच्या दिवशी क्रीम लाइट घेऊन झाल्यावर किंवा रात्री लावा. सिटिंगआधीचे काही तास त्वचेवर मलमाचा, सनस्क्रीनचा किंवा अत्तराचा थर नको. थरामुळे प्रकाश अडतो, आणि अत्तरातले काही घटक प्रकाश पडला की त्वचेला त्रास देतात.

पायरी ५: लाइट

नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे ३११ ते ३१३ नॅनोमीटरची किरणं. कोडासाठी त्यांचा वापर १९९७ च्या सुमारास सुरू झाला आणि पुवाला त्यांनी हळूहळू मागे सारलं. डाग अंगभर असतील तर उभं राहायचं चेंबर, थोडेच असतील तर हातातलं यंत्र किंवा ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर, म्हणजे फक्त डागापुरता प्रकाश टाकणारं यंत्र. आठवड्यातून तीनदा घेतला तर उत्तम, दोनदाही चालतो. सलग दोन दिवस मात्र कधीच नाही, कारण आजच्या डोसचा लालसरपणा उद्यापर्यंत पूर्ण दिसत नाही.

डोस मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. तज्ज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये सुचवलेली पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. सुरुवात २०० ने करायची, मूळ त्वचा गोरी असो वा सावळी. डागात मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, नाहीच, त्यामुळे रंगाप्रमाणे फरक करायचं कारण फारसं उरत नाही. मग दर सिटिंगला १० ते २० टक्के वाढ. १० टक्क्यांनी गेलं तर २००, २२०, २४२, २६६ असं करत आठव्या-नवव्या सिटिंगला डोस दुप्पट होतो. वरची मर्यादा चेहऱ्याला १५०० आणि अंगाला ३०००.

सिटिंगच्या वेळी यूव्हीबी अडवणारा गॉगल हवा. साधा चष्मा चालत नाही. पुरुषांनी गुप्तांग झाकायचं, तिथे डाग असल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उघडं ठेवायचं नाही. चेहऱ्यावर डाग नसेल तर चेहराही झाका. पापणीवर डाग असेल तर गॉगल काढून डोळे घट्ट मिटून लाइट देतात, पण ते डॉक्टरांनी शिकवल्यावरच. आणि दर वेळी कपड्यांची कड एकाच जागी ठेवा. आज बाही कोपराच्या वर आणि परवा खांद्यापर्यंत गुंडाळली, तर मधल्या पट्ट्याला पहिल्याच दिवशी वाढलेला डोस बसतो आणि तो भाजतो.

लाइट घेऊन झाल्यावर दिवसभर उन्हापासून जपा, उघड्या भागावर सनस्क्रीन लावा. लाइटनंतर 'थोडं ऊन पण घेऊ' हा जोडधंदा नको.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी सकाळी डाग वाचायला शिका

सगळ्या उपचारात रुग्णाच्या हातात असलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच. दुसऱ्या दिवशी, खिडकीच्या उजेडात, डाग बघा.

काहीच बदल नसेल तर पुढच्या वेळी डोस वाढेल. डाग फिकट गुलाबी, गुलाबाच्या पाकळीच्या आतल्या बाजूएवढा, दुखत नाही, खाजत नाही आणि २४ तासांत मावळतो, तर डोस नेमका लागू पडलाय. आता तोच ठेवायचा. पुढे त्याच डोसवर गुलाबीपणा दिसेनासा झाला की पुन्हा वाढ. डाग लालभडक आहे पण दुखत नाही, तर रंग पुन्हा फिकट गुलाबी होईपर्यंत लाइट बंद आणि मग आधी सोसलेल्या डोसवर परत. दुखतंय, सूज आहे, फोड आलेत तर सरळ डॉक्टरांकडे. पूर्ण बरं होईपर्यंत लाइट नाही.

हातावर गुलाबीपणा आलाच नाही आणि मानेवर लगेच आला, असंही होतं. जागेजागेची कातडी वेगळी असते. डॉक्टरांना ते जागेवार सांगा.

खाडा पडला तर

खाडे पडतातच, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. पण खाड्यानंतर जुन्याच डोसवर उभं राहू नका. मधल्या दिवसांत त्वचेची सोसण्याची ताकद उतरलेली असते. त्याच २०१७ च्या शिफारशीनुसार ४ ते ७ दिवसांचं अंतर पडलं तर तोच डोस, ८ ते १४ दिवस झाले तर २५ टक्के कमी, १५ ते २१ दिवस झाले तर निम्मा, आणि तीन आठवड्यांहून जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून. समजा तुम्ही ६०० वर होतात. दहा दिवसांनी आलात तर ४५०, सतरा दिवसांनी आलात तर ३००, महिन्याने आलात तर २००. चेंबर चालवणारी व्यक्ती रोज बदलत असेल, तर शेवटची तारीख आणि डोस तुम्हीच आधी सांगा.

यंत्रातल्या नळ्या बदलल्या असतील तर तेही विचारा. जुन्या नळ्यांचा प्रकाश मंदावलेला असतो. नव्या नळ्या ताकदीच्या असतात आणि तेवढाच वेळ उभं राहिलं तरी जास्त डोस बसतो.

घरी यंत्र असेल तर

घरच्या यंत्रावर डोस सेकंदांत येतो आणि त्याचा हिशेब साधा आहे. यंत्र ५ मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर प्रकाश देत असेल, तर २०० मिलिज्यूलसाठी २०० भागिले ५, म्हणजे ४० सेकंद. यंत्राचा आकडा डॉक्टरांकडून मोजून घ्या, डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. त्वचेपासूनचं अंतर बदललं की हिशेबच बदलतो, म्हणून यंत्राला लावलेला दांडा किंवा फणी त्वचेला टेकवूनच धरायची. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या, आणि त्या माणसाच्या डोळ्यांवरही गॉगल असू द्या. एकच वही ठेवा: तारीख, जागा, सेकंद, दुसऱ्या दिवशीचा रंग. डॉक्टरांना ती वही पाच मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते.

लहान मुलांना यंत्र एकट्याने हाताळायला देऊ नका. मूल गॉगल लावून स्थिर बसत नसेल, तर काही महिने नुसत्या मलमावर काढलेले बरे.

रंग परततो कसा आणि निकाल कधी लावायचा

पहिला महिना-दोन महिने बऱ्याच जणांना वाटतं की कोड वाढलं. डागाभोवतीची चांगली त्वचा लाइटने गडद होते, फरक जास्त ठळक दिसतो, एवढंच. मग एके दिवशी डागात बारीक तपकिरी ठिपके दिसतात, कोरड्या धुळीवर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक केस सापडतो. हेच ठिपके पसरत एकमेकांना मिळतात. काही डाग कडेकडूनही आत भरत येतात. नवा रंग सुरुवातीला आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद दिसतो, तो पुढे मिसळतो.

आरशावर भरवसा ठेवू नका, रोज पाहिलेला बदल कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, त्याच अंतरावरून फोटो काढा. एखाद्या डागावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून पेनाने कड गिरवून ठेवली तर आणखी उत्तम.

लाइट लागू पडत नाही असं म्हणण्याआधी निदान १८ ते ३६ सिटिंग झालेल्या असाव्यात. काहींची त्वचा उशिरा जागी होते, म्हणून खरा निकाल ७२ सिटिंगपर्यंत लांबवावा, असंही तज्ज्ञ सांगतात. आठवड्यातून दोनदा घेणाऱ्याला ३६ सिटिंगला अठरा आठवडे, म्हणजे चार महिन्यांहून थोडा जास्त वेळ लागतो. 'दोन महिने घेतला, उपयोग नाही' हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे.

थांबायचं कसं

रंग आला म्हणून लाइट एकदम सोडू नये. नेहमीची पद्धत अशी: पहिला महिना आठवड्यातून दोनदा, दुसरा महिना आठवड्यातून एकदा, तिसरा-चौथा महिना पंधरवड्यातून एकदा, मग बंद. त्यानंतरही कोड परत येतं. हाय-लाइटमध्ये उपचार थांबल्यावर वर्षभरात ४० टक्क्यांहून जास्त जणांचा मिळालेला फायदा गेला. कारण ठाऊक आहे: त्वचेत जुन्या हल्ल्याची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी दबा धरून राहतात.

यावर एक स्वस्त आणि सोपा तोडगा आहे, तरी तो फार कमी जण वापरतात. २०१५ च्या एका अभ्यासात, रंग भरून आलेल्या जागी ०.१ टक्का टॅक्रोलिमस आठवड्यातून दोनदा लावत राहिलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांमध्ये रंग पुन्हा गेला, तर औषध नसलेलं नुसतं मलम लावलेल्यांमध्ये हे प्रमाण ४० टक्के होतं. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा, 'आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस चालू ठेवू का?'

वर्षभर डाग वाढला नाही, नवा आला नाही आणि क्रीम-लाइटने तो भरलाही नाही, तर रंगपेशींच्या रोपणाबद्दल विचारता येतं. सेगमेंटल कोडात तो पर्याय विशेष चांगला ठरतो. आणि रंग आल्यानंतर पुढे कधी भरलेल्या जागेत मोहरीएवढा पांढरा ठिपका परत दिसला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच आठवड्यात फोटोसह डॉक्टरांना दाखवा.